आवड आणि उपजीविका

ज्येष्ठ महिन्यात पंढरपुरात दोन निरनिराळ्या लगबगी एकाच वेळी सुरू असतात. एकीकडे आषाढीची तयारी असते, मठांची आणि धर्मशाळांची झाडलोट चाललेली असते, दुकानांतून बुक्क्याची आणि कुंकवाची पोती उतरत असतात. आणि दुसरीकडे, दहावीचा निकाल लागून गेल्यामुळे, घरी येणारा-जाणारा प्रत्येकजण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना ‘पुढे काय?’ हा एकच प्रश्न विचारीत असतो. प्रश्न वरकरणी दप्तरी स्वरूपाचा आहे; प्रवेशअर्जातील एका रकान्यात कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी एक नाव भरले की तो निकालात निघतो असे दिसते. वस्तुतः माणसाने आपले आयुष्य कोणत्या कर्माच्या स्वाधीन करावे हा जो धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न, तोच या रकान्यात येऊन बसलेला असतो, आणि त्याचे उत्तर आपण अशा वयाच्या व्यक्तीकडून मागत असतो, जिला अजून स्वतःचा पुरता परिचयही झालेला नाही.

ज्या मुलाला कशातच गोडी नाही त्याची चिंता सारेच करतात; पण ज्याला दोन गोष्टींची सारखीच गोडी आहे त्याचा पेच अधिक सूक्ष्म असतो. असा मुलगा या गावात कोणत्याही आळीत सापडेल. वडिलांचे प्रासादिक वस्तूंचे लहानसे दुकान आहे. मुलगा संध्याकाळी भजनाआधी पाण्याचा हात लावून कणकेचा गोळा मळतो, तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापतो, एक थाप मारून कान देतो, चिमूटभर कणीक काढून घेतो, पुन्हा ऐकतो, आणि नाद मनासारखा खोल लागेपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नाही. आणि रात्री तोच मुलगा भूमितीतील एखादी सिद्धता दुसऱ्या रीतीने करता येते का, हे पाहण्यात तितकाच हरवून जातो. वडीलधारी मंडळी म्हणतात, घरचा धंदा आहे, तो सांभाळ. नव्या मताची मंडळी म्हणतात, जे मनापासून आवडते तेच कर. हे दोन्ही उपदेश परस्परविरोधी दिसले तरी त्यांच्या बुडाशी एकच गृहीत आहे, आणि ते हे की प्रत्येक माणसात एकच एक माणूस असतो, एकाच्या मते तो जन्माने ठरतो, दुसऱ्याच्या मते तो आवडीने ओळखता येतो.

जन्माने काम ठरण्याची व्यवस्था पंढरपूरला पुस्तकातून शिकावी लागत नाही. विठ्ठलमंदिरातील बडवे आणि उत्पात यांचे हक्क, आणि पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे व दिवटे या सेवाधाऱ्यांची वाटून दिलेली कामे पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालत आली. देवाला स्नान कोणी घालावे, आरसा कोणी दाखवावा, दिवटी कोणी धरावी, हे घराण्याने ठरत असे, आणि दिवट्यांच्या घरी जन्मलेल्या मुलाला सोळाव्या वर्षी ‘पुढे काय?’ असे विचारण्याचे कारणच पडत नसे. त्या व्यवस्थेत एक स्वास्थ्य होते, हे नाकारू नये. पण वतन आले की वाटणी आली, वाटणी आली की तंटा आला, आणि देवाची सेवा हीच फिर्यादीची बाब होऊन बसली. नाडकर्णी आयोगाच्या चौकशीनंतर १९७३ चा पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने हे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपुष्टात आले.

या व्यवस्थेचे स्वास्थ्य ज्यांना आठवते त्यांनी महाद्वाराशी, नामदेव पायरीसमोर असलेल्या चोखोबांच्या समाधीपाशी घटकाभर उभे राहावे. जन्माने ज्याचे काम ठरले त्याची जागाही जन्मानेच ठरली, आणि ती दाराबाहेर ठरली. ते दार अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात याच गावी प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. आणि शेजारच्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा? श्यामा नायकिणीची ही मुलगी. रूप आणि कंठ दोन्ही लाभलेली, म्हणजे आईच्या व्यवसायाला लागणारे सारे भांडवल जवळ असलेली. परंपरा सांगते की तिने तो व्यवसाय नाकारला, वारकऱ्यांच्या मेळ्यातून पंढरीला आली, आणि बिदरच्या बादशहाची माणसे न्यायला आली तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायांशी देह ठेवला. मंदिरातले तरटीचे झाड भाविक आजही तिच्या नावाने दाखवतात. कुलपरंपरेने आलेले कर्म हाच स्वधर्म म्हणावा तर कान्होपात्रेला धर्मभ्रष्ट म्हणावे लागेल, आणि वारकरी संप्रदायाने तर तिला संतांच्या पंक्तीत बसवले आहे.

याच ठिकाणी विनोबांचे मत विचारात घेणे अगत्याचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेल्या गीताप्रवचनांत त्यांनी असे प्रतिपादन केले की स्वधर्म शोधावा लागत नाही. आई जशी आपण निवडीत नाही, तसा तोही जन्माबरोबरच लाभतो. हे मत ज्याने मांडले त्याचे स्वतःचे चरित्र मात्र त्याला एक विलक्षण पुरवणी जोडते. १९१६ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बडोद्याहून मुंबईला इंटरच्या परीक्षेसाठी निघालेला हा तरुण वाटेत सुरतेला उतरला आणि काशीला गेला. त्याला एकाच वेळी दोन ओढी होत्या : हिमालयातील शांतीची आणि बंगालमधील क्रांतीची, आणि काशी दोहोंच्याही वाटेवर होती. पुढे जूनमध्ये गांधींची भेट झाली आणि त्यांच्या ठिकाणी आपल्याला शांती आणि क्रांती दोन्ही सापडल्या, असे त्यांनीच सांगून ठेवले. यातून दिसते ते एवढे की विसाव्या वर्षी ज्या दोन ओढी एकमेकींच्या वैरिणी भासतात त्या तशा असतीलच असे नाही, आणि दोहोंपैकी एकीचा गळा घाईने दाबण्यापेक्षा दोघींनाही मोकळी राहील अशी वाट काही काळ धरणे शहाणपणाचे असते. अर्थात प्रत्येकाच्या नशिबी गांधी नसतात. काहींच्या दोन आवडी अखेरपर्यंत दोनच राहतात, आणि खरा प्रश्न त्यांचाच आहे.

‘आवडते तेच कर’ या उपदेशाची उलटतपासणी येथून सुरू होते. या उपदेशात एक न उच्चारलेली अट असते, ती अशी की जे आवडते त्यावरच पोट भरले पाहिजे. वारकरी संतांना ही अट मान्य नव्हती. गोरोबा तेरला मडकी घडवीत राहिले, सावता माळी अरणला मळा शिंपीत राहिले, नरहरी सोनार याच पंढरपुरात सोने घडवीत राहिले. भजन त्यांना प्राणाहून प्रिय होते, आणि म्हणूनच बहुधा ते त्यांनी बाजारात मांडले नाही. कीर्तनकाराने कीर्तनाच्या ठिकाणी जेवू नये, द्रव्य घेऊ नये, हा तुकोबांनी घालून दिलेला दंडक याच विचारातला आहे. ज्याच्या घरची चूल श्रोत्यांच्या हातात आहे त्याला श्रोत्यांच्या तोंडाकडे पाहून बोलावे लागते, आणि आवडीची वस्तू विक्रीला निघाली की तिचा भाव दुसरा कोणी तरी ठरवू लागतो. आज बिदागी घेणाऱ्या कीर्तनकाराला मी दोष देत नाही. त्यालाही प्रपंच आहे, आणि विद्येचा मोबदला घेणे हा अपराध नव्हे. परंतु आवडीची उपजीविका होणे ही तिची सद्गती आणि न होणे ही तिची हत्या, असे जे आपण मुलांच्या मनावर बिंबवतो, त्याला या भूमीत आधार नाही.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे. नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या मुखी घातलेले जे अभंग आहेत, ते भक्तीच्या भरात आपण लवकर विसरतो. मुलाने शिंप्याचा धंदा टाकला, घरात खायला नाही, आणि हा विठ्ठलापाशी जाऊन बसतो, अशी ती गाऱ्हाणी आहेत. संप्रदायाने ती गाळली नाहीत, हा त्याचा प्रामाणिकपणा. एकाच्या आवडीचा खर्च घरातले दुसरे कोणी तरी सोसत असते, आणि नामदेवांच्या थोरवीनेही गोणाईचा हिशेब चुकता होत नाही.

तेव्हा आवड ही कौल देणारी एकमेव देवता नव्हे आणि जन्म हीही नव्हे. मग निवड कशाने करावी? पहिली कसोटी कान्होपात्रेची : जे काम आपल्याला किंवा दुसऱ्या कोणाला माणूसपणातून उठवते ते घरचे असो वा आवडीचे, सोडलेच पाहिजे. दुसरी गोणाईची : खर्च कोण सोसणार आहे, आणि त्याला ते ठाऊक तरी आहे का? या दोन्हींतून जी कामे तरतात त्यांत, जे आपल्या हातून नीट होईल आणि ज्याची कोणाला तरी गरज आहे, ते दिवसाला द्यावे. आणि जे उरले त्याला नेम द्यावा. हा ‘नेम’ वारकऱ्यांनी सिद्ध करून दाखवलेला आहे. वर्षभर शेतात राबणारा कुणबी पेरणी उरकून आषाढीला निघतो, एकादशी मोडत नाही, माळ उतरवीत नाही, आणि परत जाऊन कोळपणीला लागतो. त्याची शेती पंढरीच्या आड येत नाही आणि पंढरी शेतीच्या आड येत नाही. तो फावल्या वेळचा भक्त आहे असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

कधी कधी तर दिवसाचे काम आणि नेम एकमेकांना शिकवतात. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना एकनाथांना हिशेबात एका पैचा फरक आढळला, तो सापडेपर्यंत ते रात्रभर जागले, आणि सापडल्यावर त्यांना झालेला आनंद पाहून स्वामींनी ओळखले की हेच अवधान परमार्थाकडे लागले तर हा मुलगा पार होईल. कारकुनी आणि भक्ती या दोन आवडी वेगळ्या होत्या. त्यांच्या मागचे चित्त एकच होते.

मुलाने प्रवेशअर्जात काय लिहावे हे मी सांगत नाही. विज्ञान लिहिले म्हणून त्याने पखवाजाला फारकत दिली असे होत नाही, आणि आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेची वाट धरली म्हणून भूमिती त्याच्यावर रुसणार नाही. सोळाव्या वर्षी केलेली नोंद ही आरंभीची नोंद आहे, ती दुरुस्त करता येते. स्वधर्म त्या रकान्यात सापडत नाही, तो पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या निष्ठेतून घडत जातो. आईबापांचे कर्तव्य मात्र आजच ठरलेले आहे. निवड झाल्यावर उरलेल्या आवडीला ‘आता हे पुरे’ म्हणून घराबाहेर काढू नये, आणि मुलगा आठवड्यातून दोन संध्याकाळी तिच्याकडे बसला तर त्याला अभ्यासाचा हिशेब विचारू नये.