पणाला काय लावता येतं?

द्यूतसभा म्हटली की आपलं बोट शकुनीच्या कपटाकडे जातं. पण फासे चोख असते, तर तो खेळ धर्माला धरून झाला असता का? माझ्या मते नाही, आणि याचा आधार सभापर्वातच आहे. नकुलापासून भीमापर्यंत चौघे भाऊ हरल्यावर युधिष्ठिराने स्वतःला लावलं. तोही डाव गेला, तेव्हा शकुनीने द्रौपदीची आठवण करून दिली. तिला न्यायला आलेल्या प्रातिकामीला तिने उलट पाठवलं ते एवढंच विचारायला, की राजा आधी स्वतःला हरला की तिला? वरवर हा कायद्याचा कीस वाटतो, पण त्यात खेळाचं मूळ तत्त्व आहे. डाव संपल्यावर हरलेल्याला उठून घरी जाता येतं, म्हणून तो खेळ. आखाड्यातला मल्ल हात-पाय मोडण्याचा धोका पत्करतो, चितपट होतो. पण जिंकणाऱ्याचा गुलाम होत नाही. युधिष्ठिराने स्वतःला गमावलं त्या क्षणी तिथे खेळाडूच उरला नव्हता, मग पुढचा पण लावला कोणी? विकर्णाने भर सभेत मांडलेल्या कारणांत हेही होतं.

युधिष्ठिर आपखुशीने खेळला, असं कोणी म्हणेल. योहान हाउझिंगाने 1938 च्या ‘होमो लुडेन्स’मध्ये स्वेच्छा हेच खेळाचं पहिलं लक्षण मानलं, इथे मात्र आव्हान नाकारायचं नाही हे व्रत होतं आणि विदुराच्या हाती धृतराष्ट्राची आज्ञा होती. कर्णाचा युक्तिवाद अधिक चिवट: सर्वस्व लावलं, त्यात द्रौपदी आलीच. पण पत्नीला मालमत्ता धरलं तरच तो टिकतो. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये हा प्रश्न विचारणं हीच द्रौपदीची चूक ठरवली, कारण उत्तर काहीही आलं तरी कोंडी तिचीच. तिच्या सुटकेच्या दृष्टीने हे खरं आहे. पण भीष्मालाही उत्तर देता आलं नाही, यावरून नियम पाळल्याने खेळ न्याय्य होत नाही, हेच दिसतं.

खेळ जुगार आहे की नाही हे ठरवण्याची आपल्या न्यायालयांची कसोटीही बराच काळ कौशल्याची होती; 1967 मध्ये सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं. त्या कसोटीवर शकुनी सहज उत्तीर्ण होईल, इतका तो फाशांत निष्णात होता. 2025 च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य की नशीब हा भेद सोडून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळणारा किती तरबेज आहे यापेक्षा तो काय गमावू शकतो हे आधी पाहायला हवं, आणि ही दिशा मला योग्य वाटते.