अंगावरचें वस्त्र व घरचा हिशेब

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६–४२, याकोब २:१–४



यापो नगरांत टबीथा मरण पावली, तेव्हां तेथील विधवा पेत्रापुढें रडत उभ्या राहिल्या आणि तिनें जिवंतपणीं केलेले अंगरखे व वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. त्यांनीं तिच्या घराचें किंवा दागिन्यांचें वर्णन केलें नाहीं. तिच्या हातची शिवण पुढें केली. म्हणून कपड्याचा विषय मंडळींत बोलण्याजोगा नाहीं, असें कोणी समजूं नये.

आपल्या बीड जिल्ह्यांत हा विषय दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघर निघतो. मुकादमाची उचल हातीं पडते. कोयत्यावर जाण्यापूर्वीं कपडालत्ता घ्यावयाचा असतो. आणि नाताळ तर उसाच्या फडांतच यावयाचा, म्हणून सणाचे कपडेही तेव्हांच घेतले जातात. परंतु उचल ही झालेली कमाई नव्हे. पुढें तोडावयाच्या उसावर घेतलेलें तें कर्ज आहे. त्या पैशांची भरजरी साडी पेटींत घडी घालून राहते, आणि तिची फेड मात्र नवराबायको पहांटेच्या थंडींत मोळ्या उचलून करितात. गेवराई-माजलगांवकडे आपल्याच रानांत कापूस पिकावा आणि आपणच कापडासाठीं ऋणको व्हावें, ही केवढी खेदाची गोष्ट! गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें तर तें सूर्यास्तापूर्वीं परत द्यावें, अशी देवाची आज्ञा आहे (निर्गम २२:२६, २७). ज्या पांघरुणाची देवाला इतकी काळजी, तें आपण आपल्या हातानें पुन्हां गहाण कां टाकावें?

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वडील सांगत आले. तसें चालण्याची रीत कठीण नाहीं.

प्रथम, बाजारास जाण्यापूर्वीं पेटी उघडावी. पतिपत्नींनीं मिळून पाहावें कीं, कोणाचें काय आहे, काय फाटलें, काय शिवून चालेल. प्रत्येकास कामाचे दोन जोड, म्हणजे एक अंगावर व एक दोरीवर, आणि उपासनेस व लग्नकार्यास जाण्याजोगा एक, एवढें आधीं पुरें करावें. थंडीचें पांघरूण नव्या साडीच्या अगोदर. मग रक्कम ठरवून तेवढीच बरोबर न्यावी.

दुसरें, टिकेल तें घ्यावें. कापड उजेडाकडे धरून वीण पाहावी, शिवलेला कपडा उलटा करून शिवण पाहावी. सदऱ्यांचे व विजारींचे रंग असे निवडावे कीं, कोणताही सदरा कोणत्याही विजारीवर शोभेल. एकच झंपर दोन साड्यांवर चालेल. मुलांच्या कपड्यास खालीं दुमड राखावी, म्हणजे पुढच्या वर्षीं ती उसवून लांबी वाढवितां येते. कोरें सुती कापड शिवण्यापूर्वीं पाण्यांतून काढावें, कारण तें आटतें.

तिसरें, आहे तें जपावें. अंबाजोगाईचे कवि दासोपंत १६१५ सालीं वारले. त्यांनीं ज्या पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला, ती अद्याप राखलेली आहे. पासोडी म्हणजे जाडेंभरडें पांघरूण. पण जपलें म्हणून चारशें वर्षें टिकलें. आपल्या आज्या लुगडें मध्यें विरलें तर दांड घालून पुन्हां नेसत, आणि तेंही झिजलें तर त्याची वाकळ शिवीत. उसाच्या पातीनें अंग कापूं नये म्हणून आपल्या भगिनी साडीवर पुरुषाचा जुना सदरा घालतात. जुन्याचा उपयोग त्यांना कोणी शिकवावा? कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्राला लावलें तर तें आटून अधिक फाडतें, हा दाखला प्रभूनेंही दिला (मार्क २:२१). ज्या घरीं ठिगळें लावीत, तसल्याच घरांतलें हें ज्ञान आहे. ठिगळाची लाज कोणास वाटूं नये; मळाची मात्र वाटावी.

आतां मंडळीला एक कठोर शब्द सांगणें भाग आहे. एखादें कुटुंब दोन-तीन रविवार दिसत नाहीं. उपदेशक घरीं जातात, तेव्हां आई खालीं पाहून म्हणते, "गुरुजी, पोरांना अंगावर घालायला धड कांहीं नाहीं." बंधूंनो, हें तिला कोणीं शिकविलें? आपल्याच डोळ्यांनीं! चांगल्या पोषाखाच्या मनुष्यास सतरंजीवर पुढें बसवावें व मळक्या कपड्यांच्या मनुष्यास दाराशीं उभें ठेवावें, याला याकोब पक्षपात म्हणतो. आपण एकमेकांच्या साड्या मोजणें सोडलें, तर पुष्कळ घरें उचलीच्या ओझ्यांतून निम्मीं मोकळीं होतील. नवऱ्यामुलाच्या घरानें भारी आहेराचा हट्ट धरूं नये. आणि उपदेशकांनीं हा नियम प्रथम आपल्या घरीं पाळावा, म्हणजे त्यांच्या बोलण्यास वजन येईल.

टबीथेनें केवळ काटकसर केली नाहीं. तिची सुई दुसऱ्यांसाठीं चालली. तुमच्या पेटींत मुलांना आंखूड झालेले जे कपडे असतील, ते धुऊन, बटणें लावून, नीट घडी करून शेजाऱ्याच्या घरीं न्या; पण चारचौघांत देऊं नका. जें स्वतःच्या लेकरास घालावयास लाज वाटेल, तें दुसऱ्याच्या लेकरास देऊं नका. यंदा कोयत्यावर जाणाऱ्या प्रत्येक घराच्या बोचक्यांत सुईदोरा असो, अंगावर स्वच्छ वस्त्र असो, आणि मुकादमाच्या वहींत कपड्यापायीं वाढलेला एकही आंकडा नसो. रानांतील फुलांना नेसविणारा आपला स्वर्गीय पिता तुम्हां सर्वांस थंडींत ऊब व मनास समाधान देवो. आमेन.