तसबिरीची कड

भिंतीवरची तसबीर पाहताना आपली दृष्टी प्रथम चेहऱ्यांवर जाते, आणि मग फार तर लाकडी चौकटीच्या नक्षीवर. छायाचित्र आणि चौकट यांच्यामध्ये फिकट रंगाचा जो जाड पुठ्ठा असतो, त्याच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. फ्रेमवाले त्याला माउंट म्हणतात. त्याच्या मधोमध खिडकी कापलेली असते आणि तिच्यातून छायाचित्र दिसते. हा पुठ्ठा घरच्या घरी कापून आपल्या तसबिरी आपणच बसवणारी मंडळी नवी मुंबईत अधूनमधून भेटतात. कुणी निवृत्त गृहस्थ असतात, कुणी हौशी विद्यार्थी. या लहानशा कारागिरीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते, आणि तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम पुठ्ठ्याचे काम समजून घेऊ. पावसाळ्यात खाडीवरून येणारी दमट हवा आपल्या भिंतींत मुरते. जुन्या छायाचित्रांच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. छायाचित्र काचेला टेकलेले असेल तर ओलाव्याने तो थर मऊ होऊन काचेस चिकटतो, आणि सोडवू गेल्यास कागदावरचा चेहराच काचेबरोबर निघून येतो. मध्ये साधारण दीड मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा आला की चित्र आणि काच एकमेकांपासून दूर राहतात. पुठ्ठाही पारखून घ्यावा लागतो. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त पुठ्ठ्यात आम्ल असते. काही वर्षांत खिडकीची कड तपकिरी पडते आणि तो डाग छायाचित्रावर उतरतो. म्हणून जाणकार आम्लरहित पुठ्ठा मागून घेतात.

आता मापाकडे वळू. छायाचित्र १५ बाय २० सेंटिमीटरचे असेल तर खिडकी १४.४ बाय १९.४ सेंटिमीटरची कापतात. म्हणजे चारही बाजूंची ३ मिलिमीटर कड पुठ्ठ्याखाली जाते. तेवढी गेली नाही तर चित्र खिडकीतून निसटेल. भोवती वर आणि बाजूंना ५ सेंटिमीटर पट्टी ठेवली तर खाली ६ ठेवतात, कारण डोळ्याला मध्य किंचित वर भासतो. आखणी पुठ्ठ्याच्या मागच्या अंगाला पेन्सिलीने करायची, लोखंडी पट्टी घट्ट दाबून धरायची आणि पाते ४५ अंशांत तिरके ठेवून एका दमात ओढायचे. कोपऱ्यापाशी कापलेला तुकडा सुटला नाही तर तो ओढू नये, ओढला की कोपरा फाटतो. शेवटी छायाचित्र चिकटपट्टीने डकवायचे नाही. पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या करून, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेस अडकवायचे, म्हणजे पुढे कधी काढावेसे वाटले तर ते अखंड निघते.

यातील पहिलाच नियम आमच्या मते विचार करण्याजोगा आहे. काही झाकल्याशिवाय माउंट होतच नाही. प्रश्न उरतो तो हा, की झाकावे किती, काय, आणि कोणत्या अधिकाराने?

घरभेटीच्या निमित्ताने आम्ही अनेक भिंती पाहतो. सामूहिक छायाचित्रातला टोकाचा एखादा माणूस दिसेनासा झाल्याचे कधीकधी ध्यानात येते. वाडीच्या वाटणीवरून भावाशी बोलणे तुटलेले असते, किंवा सून घर सोडून गेलेली असते, किंवा मुलीने घरच्यांच्या इच्छेविरुद्ध लग्न केलेले असते. पूर्वी अशा वेळी कात्री चालत असे. माउंट कापायला शिकलेल्या हाताला आता सौम्य उपाय सापडतो. खिडकी दोन बोटे अरुंद केली की झाले. भाऊ छायाचित्रात आहे, पण भिंतीवर नाही. हे खोटे बोलणे आहे काय?

जुन्या नीतिशास्त्राने येथे एक उपयुक्त भेद केला आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि असत्याला कोठेही सवलत दिली नाही. त्यांच्याच आधाराने संत थॉमस अक्वायनस यांनी मान्य केले, की असत्य सांगणे नेहमीच गैर असले तरी सत्य विवेकाने राखून ठेवणे गैर नाही. कात्री आणि पुठ्ठा यांत नेमके हेच अंतर आहे. कात्री सांगते, हा माणूस येथे नव्हता. पुठ्ठा एवढेच सांगतो, की आज तो येथे दाखवलेला नाही. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टॅलिनशेजारी उभा असलेला पोलिसप्रमुख येझोव १९४० मध्ये मारला गेला, आणि पुढे त्या छायाचित्रात त्याच्या जागी नुसते पाणी दिसू लागले. ते झाकणे नव्हते. ती कात्रीच होती.

तरीही पुठ्ठ्याला सरसकट निर्दोष ठरवता येणार नाही. त्या घरात वाढणारे मूल खिडकीतून दिसते तेवढेच कुटुंब समजून मोठे होते. मागे काका अखंड आहे याचा त्याला काय उपयोग? उलट, सरसकट दोषी ठरवणेही अन्यायाचे होईल. नवऱ्याचा मार सोसलेल्या बाईने लग्नाच्या छायाचित्रातील आपला आणि आईवडिलांचा भागच भिंतीवर ठेवला तर तिला कोणी बोल लावावा? रोज उठून तो चेहरा पाहण्याची सक्ती तिच्यावर कोणता धर्म करील? तिचे झाकणे ही जखमेवरची पट्टी आहे. भावाला झाकणारी पट्टी मात्र पुष्कळदा जखम बरी होऊ न देण्यासाठी बांधलेली असते. दोन्हीकडे पुठ्ठा तोच, माप तेच. हेतू कोणता, हे कापणाऱ्यालाच ठाऊक असते.

हा प्रश्न माणसांपुरताही राहत नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर आपले हे शहर आखले गेले. या गावांतील जुन्या कुटुंबांकडे जी छायाचित्रे आहेत, त्यांत माणसे मध्यभागी असतात. कडेला भातखाचराचा बांध दिसतो, मिठागराची पांढरी रास दिसते, खाडीत उभी होडी दिसते. आज तेथे सेक्टर आहेत. चेहरे ठळक दिसावेत म्हणून खिडकी लहान कापली तर प्रथम जातो तो बांध, ती रास, ती होडी. काढणाऱ्याच्या लेखी तो भाग फालतू होता. नातवाला मात्र आपली जमीन कशी होती हे सांगणारा तेवढाच पुरावा उरलेला असतो. आज निरुपयोगी वाटणारी कड उद्या कुणाला लागेल, हे आपण कोण ठरवणार?

दुकानात हा सारा विचार टळतो. ‘एवढे झाकून टाका’ असे एक वाक्य बोलले की आपले काम संपते. घरी मात्र अर्धा तास बसावे लागते. मोजावे लागते, रेघ ओढावी लागते, ज्याला झाकायचे त्याच्या खांद्यावर पट्टी ठेवून पाहावी लागते. स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा हा मोठा लाभ आहे, असे आम्ही समजतो. कृतीची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलता येत नाही आणि हात थांबवायला अवसर मिळतो.

तेव्हा काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पुठ्ठा छायाचित्राच्या मापाने कापावा, तयार चौकटीत बसावे म्हणून छायाचित्र कधीही कापू नये. गरजेची ३ मिलिमीटर सोडून अधिक झाकायचे असेल तर एक कसोटी लावावी: घरातल्या मुलाने ‘येथे कोण होते?’ असे विचारले तर चौकट उघडून त्याला खरे सांगता येईल काय? येत असेल तर झाकण्यात विवेक आहे. येत नसेल तर पाते खाली ठेवलेले बरे. आणि पुठ्ठ्याच्या मागे, छायाचित्राच्या पाठीवर नव्हे, सर्वांची नावे डावीकडून उजवीकडे पेन्सिलीने लिहावीत. ज्यांच्याशी आज बोलणे नाही त्यांचीही लिहावीत. गाव आणि साल घालावे.

अबोला कधीकधी एखाद्या मयतीला किंवा लग्नघरी अकस्मात सुटतो. तसा तो सुटला तर नवा पुठ्ठा कापायला अर्धा तास पुरतो. कापून टाकलेला भाऊ मात्र पुन्हा जोडता येत नाही.