परत आलेला माणूस

माजी सैनिकांचा दिवस आपल्या देशात 14 जानेवारीला असतो. 1953 साली त्या तारखेला पहिले भारतीय सरसेनापती के. एम. करिअप्पा निवृत्त झाले. लढाई जिंकल्याचा किंवा कोणी धारातीर्थी पडल्याचा हा दिवस नव्हे. एका माणसाने गणवेश उतरवल्याचा आहे. ही निवड मला फार नेमकी वाटते. पण त्या सुमारास संक्रांत असते, मुले तिळगुळात रमलेली असतात, आणि माजी सैनिकाचा सत्कार जाऊन पडतो 26 जानेवारीला किंवा 15 ऑगस्टला, प्रभातफेरी आणि खाऊवाटप यांच्या मधल्या बेचक्यात.

तो सत्कार आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. गाव ज्याला सरसकट ‘मेजर’ म्हणते तो निवृत्त हवालदार प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेला असतो. शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प होते. मग पाहुणे हुतात्म्यांवर बोलतात. जे गेले त्यांच्यावर बोलायला शब्द तयार असतात. जो जिवंत समोर बसला आहे त्याच्याविषयी कोणाला काही सुचत नाही. त्यालाही ‘दोन शब्द’ बोलायची विनंती झाली, की मुलांनी खूप शिकावे एवढे सांगून तो पुन्हा खुर्चीवर.

व्यासांना मात्र सुचले होते. भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य अशी युद्धाची पर्वे संपली तरी महाभारत संपत नाही. त्यातले सर्वांत मोठे पर्व शांतिपर्व आहे, आणि त्याच्या आरंभी जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको, वनात जातो म्हणून हटून बसला आहे. भाऊ समजावतात, द्रौपदी चिडते, ऋषी दाखले देतात, शेवटी शरपंजरी भीष्माकडे त्याला न्यावे लागते. युद्धातून परतलेल्या माणसाला पुन्हा माणसांत आणायला इतके बोलावे लागते! आपल्या कार्यक्रमपत्रिकेत त्यासाठी पाच मिनिटे असतात, तीही प्रास्ताविक लांबले नाही तर.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी, जिथून शिपाई गेले अशा पुष्कळ गावांत दगडी पाट्या बसवल्या. गावातून किती गेले आणि किती मेले, एवढेच त्यांवर. वजाबाकी केली की परतलेले उरतात. ती वजाबाकी पाटी करत नाही. त्या युद्धात पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात सापडली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. उपासमार झाली, घोडी कापून खायची पाळी आली, एप्रिल 1916 मध्ये शरणागती आणि मग तुर्कांची कैद. त्यातून वाचून घरी आलेल्याने ओसरीवर बसून काय सांगितले असेल?

शौर्यकथाच हवी असेल तर कारवारजवळच्या चेंडियाच्या राम राघोबा राणे यांची सांगावी. एप्रिल 1948 मध्ये बॉम्बे सॅपर्सचे हे अधिकारी नौशेरा-राजौरी वाटेवर गोळीबारात सुरुंग काढत, आडवे पाडलेले वृक्ष हटवत रणगाड्यांना रस्ता करून देत होते. रस्ता मोकळा करणे हेच त्यांचे शौर्य. परमवीरचक्र त्यांना जिवंतपणी मिळाले, पुढे दोन दशके ते सैन्यात राहिले, 1994 साली वारले. शाळेत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत मात्र ते त्या चार दिवसांपुरतेच असतात.

साधा शिपाई पेन्शनीत निघतो तेव्हा बहुधा चाळिशीही गाठलेली नसते. मग बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणे, नाहीतर भावकीच्या वाटणीत अडकलेली जमीन सोडवणे. या दुसऱ्या आयुष्याबद्दल त्याच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण तसे कोणी विचारतच नाही.

2022 पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांसाठी भरती होते आणि चौघांतला फार तर एक कायम होतो. बाकीचे ऐन विशीत परततील, पेन्शनविना. त्यांच्यातला एखादा आपल्याच शाळेच्या मांडवात सत्काराला बसेल, तेव्हा दहावीची पोरे त्याला दादा म्हणतील, आणि हातात नारळ पडायच्या आत विचारतील, आता पुढे काय करणार?