ठिबकचा संच: गावच्या दुकानातून की ऑनलाइन?

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मोठ्या खरेद्यांमध्ये ठिबक सिंचनाचा संच येतो. बालाघाटाच्या डोंगररांगेतील आष्टी, पाटोदा तालुक्यांत पाणी तुटपुंजे आणि रान चढउताराचे. गेवराई, माजलगावकडे गोदावरी-सिंदफणेचा आधार, तिथे ऊस आणि कापूस. ठिबक दोन्हीकडे हवे, पण एकाच मापाचा संच दोन्हीकडे चालत नाही. त्यामुळे तो कुठून घ्यावा हे नुसत्या किमतीवरून ठरवता येत नाही.

संच उभा राहतो तो आराखड्यावर. विहिरीला किंवा बोअरला पाणी किती, पंपाचा दाब किती, उतार कोणत्या बाजूला, ओळींत अंतर किती, यावरून मुख्य नळीचा व्यास, लॅटरलची लांबी आणि ड्रीपरचा ताशी प्रवाह ठरतो. लॅटरल प्रमाणाबाहेर लांबली की शेवटच्या झाडांना पाणी कमी पडते. फिल्टरचेही तसेच. शेततळ्याच्या किंवा कालव्याच्या शेवाळी पाण्याला सँड फिल्टर लागतो. बोअरमधून वाळू येत असेल तर ती आधी वेगळी काढावी लागते. क्षारांनी ड्रीपर चोंदले तर आम्लप्रक्रिया करावी लागते. रान पाहिलेला विक्रेता हे सारे आधी ठरवू शकतो. ऑनलाइन मागवलेल्या तयार संचात हे काम शेतकऱ्यावर येते.

अनुदानाची वाटही स्थानिक विक्रेत्याकडूनच जाते. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्याच्या योजना मिळून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान आहे. ते शासनाने ठरवलेल्या खर्चमर्यादेवर मोजले जाते. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, नोंदणीकृत कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटी बिलासह खरेदी आणि मोका तपासणी असा हा क्रम आहे. पूर्वसंमतीआधी केलेली खरेदी हे अनुदान घालवू शकते.

मात्र जवळचे दुकान म्हणून व्यवहार चोख असतोच असे नाही. उधारीत अडकलेल्या शेतकऱ्याला दुकान बदलता येत नाही आणि भावही विचारता येत नाही. इथे ऑनलाइन बाजाराचा मोठा उपयोग आहे: दुकानात जाण्यापूर्वीच भाव कळतो. जॉइनर, एंड कॅप, फिल्टरची चकती असे ठरावीक मापाचे सुटे भाग तिथून खुशाल मागवावेत. इनलाइन नळीवर आयएस १३४८८ हे मानक आणि आयएसआय चिन्ह मात्र दोन्हीकडे पाहावे.

माल सदोष निघाला तर कायदा दोन्ही खरेद्यांना लागू आहे. बियाण्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकरी हा ग्राहकच असल्याचे स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते. विक्रेता परगावचा असला तरी बीडमध्ये तक्रार करता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. पण पीक महिनाभर तहानलेले राहू शकत नाही, म्हणून दुरुस्तीला येणारा माणूस जवळ असणे हाही किमतीचाच भाग धरला पाहिजे.

थोडक्यात, जी वस्तू मापावरून निवडता येते ती जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यावी. जी रान पाहूनच बसवावी लागते ती रान पाहणाऱ्याकडून घ्यावी. पक्के बिल आणि लेखी हमी दोन्हीकडे मागावी.