अंधार वाढत असतानाची सुरुवात

आपलं नवं वर्ष १ जानेवारीला फटाक्यांच्या आवाजात सुरू होतं. चर्चचं वर्ष मात्र त्याआधीच, नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतं. हा आगमनकाळ. पण ज्याचं आगमन व्हायचं, तो तर अजून आलेलाच नसतो. मग ही सुरुवात कशाची?

जर्मनीत हॅम्बुर्गला योहान विचर्न गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, असं मुलं सारखी विचारायची. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक जास्त पेटवायची.

डिसेंबरात तिथे जवळजवळ नाताळपर्यंत दिवस रोज थोडा लहान होत जातो. म्हणजे बाहेर अंधार वाढत होता, तेव्हाच आत उजेड वाढत होता. अंधार सरल्यावर सुरुवात करू, असं कुणी म्हटलं नाही.

आपण मात्र म्हणतो: नोकरी लागू दे, मन सावरू दे, मग बघू. आणि त्यालाच वाट पाहणं समजतो.

मेणबत्ती लावल्याने नाताळ लवकर येत नाही, हे त्या मुलांनाही कळत असणार. तरी आजची मेणबत्ती आजच लावायची असते. तेवढं आपल्या हातात असतं.