दोन घड्याळें आणि एक साक्ष

व्यवहारांत ज्या साक्षीदाराची उलटतपासणी सहसा कोणी करीत नाहीं, असा साक्षीदार म्हणजे घड्याळ. माणसाच्या स्मरणाविषयीं आपण शंका घेतों. घड्याळानें सांगितलें म्हणजे वाद मिटला असें मानतों. हा विश्वास कितपत योग्य आहे, हें आम्हांस स्वतःच्याच एका अपराधावरून कळलें. तो प्रथम सांगतों.

माणगांव येथील एका लहान वाचनालयाची देवघेव कांहीं काळ आमच्याकडे होती. नोंदी संगणकावर होत. पावसाळ्यांत एकदां वीज गेली व तिच्याबरोबर इंटरनेटही गेलें. वीज परतली, तेव्हां यंत्र कित्येक वर्षांपूर्वींची तारीख दाखवूं लागलें. म्हणून आम्हीं घाईनें नवी तारीख हातानें घातली. त्याच दिवशीं एका विद्यार्थ्यानें पुस्तक परत केलें. पुढें तो दुसरें पुस्तक नेण्यास आला, तों नोंदींत दोन दिवसांचा उशीर! 'मी वेळेवर दिलें होतें,' असें तो म्हणाला. 'यंत्राला खोटें बोलण्याचें कारण काय?' असें म्हणून आम्हीं दंड घेतला. तो मुकाट्यानें देऊन गेला. नंतर नोंदी चाळतांना असें दिसलें कीं, अनुक्रमानें पुढची असलेली नोंद तारखेनें मात्र आधींची आहे. मध्यंतरीं इंटरनेट सुरू होऊन घड्याळ आपोआप दुरुस्त झालें होतें. आम्हीं घातलेली तारीखच दोन दिवस पुढची होती. ज्याची साक्ष आम्हीं काढली, त्यानें आमचेंच म्हणणें आम्हांस परत ऐकविलें होतें.

असें कां व्हावें? संगणकांत दोन घड्याळें असतात. एक मदरबोर्डावर, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारें. त्यांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो, आणि वीज नसतांही तें काळ मोजीत राहतें. दुसरें चालू प्रणालीचें. यंत्र सुरू होतांना तें पहिल्यास वेळ विचारतें व पुढें स्वतःच मोजतें. बॅटरी संपली कीं पहिलें भलतेंच सांगतें आणि दुसरें तेंच प्रमाण मानतें. बॅटरी चांगली असली तरी दशलक्षांत २० भागांची चूक सामान्य होय. म्हणजे दिवसास पावणेदोन सेकंद, महिन्यास सुमारें ५०. तेव्हां दोन्ही घड्याळांचें एकमत झालें, तरी तेवढ्यानें वेळ खरी ठरत नाहीं. त्यांना तिसऱ्यास विचारावें लागतें. आपल्या देशांत ती प्रमाणवेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांच्या साहाय्यानें राखते.

येथें कोणी विचारील कीं, तें तिसरें तरी खरें कशावरून? माणगांवीं सूर्य डोक्यावर येतो, तेव्हां सरासरीनें घड्याळांत बारा वाजून सुमारें ३७ मिनिटें झालेलीं असतात. १९०६ च्या जानेवारींत प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हां मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटें मागें होती, आणि कित्येक मुंबईकरांनीं नव्या वेळेस कसून विरोध केला. महानगरपालिकेनें तर आपलीं घड्याळें पुढें कित्येक दशकें जुन्याच वेळेवर ठेविलीं. गणित कोणाचेंच चुकलें नव्हतें. आम्हांस न विचारतां आमची दुपार कां हालविली, ही तक्रार होती. प्रमाणवेळ हा संकेत आहे, आणि संकेतास संमतीचें बळ लागतें. पण एकदां तो पतकरल्यावर त्याच्याशीं आपलें घड्याळ ताडून पाहण्याचें कर्तव्य सर्वांहून अधिक त्याचें, ज्याच्या हातांत नोंदवही आहे व जो दंड करूं शकतो. त्या दिवशीं आम्हीं विद्यार्थ्यास प्रश्न केला, घड्याळास केला नाहीं.

आतां चूक सुधारावी कशी? घड्याळ एकदम मागें नेलें, तर नंतरची नोंद आधींची दिसते. म्हणून अल्प चूक असल्यास लिनक्ससारखी प्रणाली घड्याळाची गतिच किंचित् कमी करते. रूढ पद्धतींत सेकंदास फार तर अर्धा सहस्रांश. एका मिनिटाची चूक अशा रीतीनें भरून येण्यास ३३ तास लागतात. ही सबुरी आम्हांस फार आवडली. परंतु याच रीतीनें आमची दोन दिवसांची चूक भरून काढावयाची म्हटली, तर ४,००० दिवस, म्हणजे जवळ जवळ अकरा वर्षें लागतील! लहान दोष हळूहळू सुधारावा, हें शहाणपण खरें. पण मोठ्या अन्यायाच्या बाबतींत तीच सबुरी ही टाळाटाळ ठरते.

आम्हीं जुनी नोंद खोडली नाहीं. तिच्याखालीं दुरुस्ती व तिचें कारण लिहिलें, विद्यार्थ्यास बोलावून दंड परत केला आणि चूक आमची होती असें चार माणसांसमक्ष सांगितलें. कारण दंड घेतला होता तोही चार माणसांसमक्षच.